जिम रीव्हज यांची नाताळगीते आणि आपली उपासना

नाताळ जवळ आला की भारतातील अनेक ख्रिस्ती घरांतून एका अमेरिकन गायकाचा खर्जातील मृदू स्वर ऐकू येऊ लागतो. हा गायक म्हणजे जिम रीव्हज (१९२३–१९६४). ‘ट्वेल्व्ह साँग्ज ऑफ ख्रिसमस’ ही त्यांची बारा गीतांची तबकडी १९६३ साली निघाली. पुढल्याच वर्षी, ३१ जुलै रोजी, ते स्वतः चालवीत असलेले लहान विमान नॅशव्हिलजवळ कोसळून त्यांचा अंत झाला. तबकडीमागून कॅसेट आली, तीही मागे पडली. आता तोच स्वर मोबाइलमधून येतो. ही गीते उपासनेच्या परिसरात लावताना धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी कोणता विवेक ठेवावा, हा या लेखाचा विषय होय.

रीव्हज हे ‘कंट्री’ संगीताचे, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण लोकगायनातून वाढलेल्या परंपरेचे गायक. १९५७ च्या सुमारास त्यांनी उंच स्वर सोडून, मायक्रोफोनच्या अगदी जवळून, हळुवार गाण्याची रीत धरली. जणू शेजारी बसून कोणी आपल्याशीच बोलत आहे, असा भास त्यामुळे होतो. शब्द न कळणाऱ्यासही तो स्वर आपलासा वाटतो. आणि नेमकी येथेच सावधगिरी हवी.

कारण ही बारा गीते एका जातीची नव्हेत. ‘ओ लिटल टाउन ऑफ बेथलेहेम’, ‘ओ कम ऑल ये फेथफुल’, ‘सायलेंट नाइट’, ‘मेरीज बॉय चाइल्ड’ आणि ‘ख्रिसमस’ या शब्दाची अक्षरे उलगडणारे एक गीत, अशी पाचच गीते ख्रिस्तजन्माची आहेत. उरलेली सात बर्फ, घंटा, नृत्य, भेटकार्ड व विरह यांची. १८५७ सालच्या ‘जिंगल बेल्स’मध्ये तर नाताळाचा उल्लेखही नाही, ते घसरगाडीच्या सफरीचे गाणे आहे.

हे मला एका साध्या प्रश्नाने शिकविले. आदिलाबाद जिल्ह्यात, पैनगंगेच्या या तीरावर, मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारे लोक शेजारी नांदतात. अशाच एका खेड्यात नाताळच्या संध्याकाळी गव्हाणीच्या देखाव्याजवळ मीच ही गीते लावली होती. एक वृद्ध माउली हात जोडून उभी होती. तिने विचारले, “फादर, हा बाबा देवाला काय मागतोय?” त्या क्षणी वाजत होते ‘ब्लू ख्रिसमस’: प्रियेवाचून नाताळ उदास जाईल, अशी प्रियकराची तक्रार! मला उत्तर देता येईना. तिची भक्ती खरी होती. तिला शब्द देण्याचे काम माझे होते आणि मी ते यंत्रावर सोपविले होते.

देहधारणाचा सिद्धान्त हेच सांगतो. शब्द देही झाला, तो एका विशिष्ट लोकांमध्ये, त्यांची भाषा बोलत. शुभवार्ता ऐकून मेंढपाळ उठून बेथलेहेमास गेले, कारण ती त्यांना समजली होती. जी घोषणा समजत नाही तिला प्रतिसाद देता येत नाही.

याच तबकडीतील उत्तम गीतांचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ‘सायलेंट नाइट’चे मूळ जर्मन शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूचे, त्याच्या विनंतीवरून फ्रान्झ ग्रुबर या गावच्या शिक्षकाने चाल बांधली आणि १८१८ च्या नाताळात ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे दोघांनी ते गिटारवर गायिले. ‘ओ लिटल टाउन’ हे फिलिप्स ब्रूक्स यांनी १८६८ साली आपल्या रविवारच्या शाळेतील मुलांसाठी रचले. एक धर्मगुरू, एक शिक्षक, समोर आपलीच माणसे आणि त्यांचीच भाषा: जगभर गेलेली ही गीते अशी जन्मली.

आपल्याकडेही हा वारसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत रचले. ते १६१६ साली छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग व भजन यांतून मराठी मंडळीच्या मुखी ख्रिस्तनाम दिले.

म्हणून रीव्हज यांना घराबाहेर काढावे, असे मुळीच नाही. सात गीते घरगुती आनंदासाठी राहू द्यावीत. पाच गीतांचा अर्थ धर्मशिक्षकाने आगमनकाळात मराठीत, तेलुगूत किंवा गोंडीत, जशी मंडळी असेल तसा, सांगावा. गव्हाणीजवळ मात्र यंत्र बंद ठेवून मंडळीने स्वतः गावे, टाळ असोत वा ढोलकी. आणि २५ डिसेंबर उलटला की बाजारातील गाणी थांबतात. उपासनेतील नाताळकाळ तेव्हा नुकताच सुरू झालेला असतो. आपले गायन त्या दिवशी थांबू नये.

त्या माउलीने पुन्हा विचारले, तर तिच्याच ओठांवर उत्तर असावे, एवढी सिद्धता आपण करावी.