पत्रिका गेली, पत्रिका सापडली

लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आम्ही कडावच्या बाजारात गेलो. दुकानातल्या मुलाने संगणकावर कोरल ड्रॉ उघडला. त्यात चित्रे आणि अक्षरे मांडता येतात. मुलाने गणपती बसवला, काम एकदा 'सेव्ह' केले. मग दोन तास नावे लावली. एवढ्यात वीज गेली. पडदा काळा झाला. पोराचे तोंड उतरले. संध्याकाळी पत्रिका छापायला जायची होती!

असे का होते? संगणकावरचे काम आधी पाटीवर असते. वीज गेली की पाटी पुसते. कंट्रोल आणि एस ही बटणे एकदम दाबली की काम 'सेव्ह' होते, म्हणजे वहीत उतरते.

पण कोरल ड्रॉ दर काही मिनिटांनी आपणहून एक नक्कल काढून ठेवतो. वीज आल्यावर मुलाने तो पुन्हा उघडला. जुने काम परत आणायचे का, असा प्रश्न पडद्यावर आला. मुलगा घाईने 'कॅन्सल' दाबणार, तोच मालकीणबाई ओरडल्या, "अरे, थांब!" कॅन्सल केले असते, तर कोरल ड्रॉ बंद होताना नक्कलही पुसली गेली असती. पत्रिका मिळाली. शेवटची चार नावे तेवढी गेली. त्यांत आमच्या मेहुण्यांचे होते. ते राहिले असते तर मोठाच रुसवा!

अशा वेळी कच्ची चिटोरीही मागे उरतात. त्यांच्या नावाच्या शेवटी 'टीएमपी' असते. फार साचली की जागा अडते. ती पुसावीत, पण आधी सगळी कामे सेव्ह करून बंद करावीत. 'बॅकअप ऑफ' नावाची फाइल वेगळी. ती आधीच्या कामाची प्रत. मालकीणबाई ती लग्न लागेपर्यंत पुसत नाहीत.