आगटीभोंवतींची पंगत

बुलढाणा जिल्ह्यांत येणारा नवखा प्रवासी लोणारचें सरोवर पाहतो, सिंदखेडराजास जिजामातेच्या जन्मस्थानीं मस्तक नमवितो, शेगांवीं समाधीचें दर्शन घेतो आणि तेथील कचोरी खाऊन परततो. परंतु ज्या अन्नावर या मुलखाचा खरा जीव आहे, तें स्थानकावर मिळत नाहीं. तें शेतांत, उघड्या आभाळाखालीं, विस्तवावर भाजलें जातें. हुरडा, रोडगे आणि भरीत हीं त्याचीं तीन प्रमुख रूपें होत.

विस्तवावर अन्न भाजण्याची हौस सर्व देशांत आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागांत ‘बार्बेक्यू’ या नांवानें ती एक लोकविद्याच होऊन बसली आहे. कॅरोलिनांत अख्खें डुक्कर मंद आंचेवर भाजून त्यास शिरक्याची आंबट जोड देतात. टेक्ससांत गोमांस ओकच्या धुरांत कित्येक तास ठेवितात. मेम्फिस शहराचा लौकिक डुकराच्या बरगड्यांवर आहे. प्रत्येक प्रांत आपलीच रीति खरी मानतो. मर्म एवढेंच कीं, हाताशीं जें जळण आणि जें खाद्य, त्यांतून तेथील चव जन्मास आली. बुलढाण्याचा हा प्रकार धान्याचा व भाजीचा असला, तरी मर्म तेंच आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेनें या जिल्ह्याचे दोन भाग पडतात. लोक त्यांस घाटावरचा व घाटाखालचा मुलूख म्हणतात. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूस काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आहे. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगांवराजा हीं गांवें येतात. मैदानांत झाडी विरळ असल्यामुळें येथील जळण शेतांतूनच निघतें: शेणाच्या गोवऱ्या, कापसाची वाळलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या. गोवरी भडकत नाहीं, धुमसते. तिचा निखारा बराच वेळ टिकतो आणि त्यावर चढणारी राख आंच सौम्य करते. पऱ्हाटीचा जाळ मात्र भडक व अल्पजीवी. पहिल्या जळणावर हुरडा आणि रोडगे होतात, दुसऱ्यावर वांगें.

हुरडा म्हणजे ज्वारीचा कोंवळा दाणा. दाण्यांत दूध भरून तो किंचित् घट्ट होतो, परंतु वाळत नाहीं, अशा मोजक्या दिवसांत तो खावयाचा असतो. पुढें त्यांतील साखरेचें पिष्टांत रूपांतर होतें आणि गोडवा जातो. यासाठीं जमिनींत लहानसा खळगा करून गोवऱ्या पेटवितात, हीच आगटी. ज्वाळा विझून निखाऱ्यावर पांढरी राख आली, कीं कणसें तींत खुपसतात. तीं भाजतांच गरम असतांनाच तळहातांवर चोळून दाणे मोकळे करतात व सुपांत पाखडून फोल उडवितात. चोळणाराचा हात सरावलेला नसेल तर दाणे फुटतात किंवा हात पोळतो. सोबतीस लसूण-मिरचीचा ठेचा, जवसाची वा शेंगदाण्याची चटणी, दहीं आणि गूळ. हाच विस्तव हरभऱ्याच्या घाट्यांचा हुळा आणि गव्हाच्या ओंब्या भाजावयासहि कामास येतो.

रोडगे हें अधिक भारदस्त अन्न. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेला तेलाचें मोहन देऊन तिच्या लहान पोळ्या एकावर एक रचतात, वरून आणखी एका पोळीनें तो गोळा बंद करतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरतात. वरचें कवच करपूस होतें व आंतील पदर वाफेवर शिजतात. राख झटकून रोडगा फोडावा, त्यावर तूप सोडावें, आणि वरण व वांग्याची रस्सेदार भाजी यांसह खावा. नवस फेडतांना शेतांतील देवापुढें हाच नैवेद्य होतो.

भरिताचा थाट घाटाखालीं, खानदेशच्या सीमेलगत विशेष आहे. शेजारच्या जळगांवच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. मोठें, फिकट हिरवें वांगें पऱ्हाटीच्या किंवा तुराट्यांच्या जाळावर साल काळी पडेपर्यंत भाजतात. नंतर हिरवी मिरची व लसूण यांसह बडगी नांवाच्या लांकडी भांड्यांत कुटतात. गॅसच्या शेगडीवर तें शिजतें खरें, परंतु धुराचा वास त्यास येत नाहीं. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, म्हणजे चंपाषष्ठीस, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. चातुर्मासांत वांगें वर्ज्य करणारीं कुटुंबें तें त्या दिवशीं पुन्हा खाऊं लागतात.

हें सारें कोठें मिळेल, या प्रश्नाचें उत्तर ठिकाणापेक्षां ऋतूंत अधिक आहे. खरिपाच्या ज्वारीचा हुरडा दिवाळीच्या सुमारास, रब्बीच्या ज्वारीचा पौष-माघांत. १२ जानेवारीस जिजाऊ-जयंतीसाठीं सिंदखेडराजास जाणाऱ्यांस हा काळ अनायासें साधतो. मुंबई-नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा व शेगांव हीं स्थानकें आहेत. तेथून एखाद्या परिचित शेतकऱ्याच्या मळ्यांत पोहोंचणें अवघड नाहीं. आधीं निरोप मात्र धाडावा, कारण कोवळें कणीस पाहुण्यासाठीं थांबत नाहीं.

परंतु निरोप धाडण्यास ज्वारी तरी उभी असली पाहिजे. १९६४ मध्यें सीएसएच-१ ही संकरित जात आली आणि उत्पन्न वाढलें. पण बुटक्या ताटांमुळें कडबा कमी झाला. पुढें सोयाबीन पसरलें व ज्वारीचीं शेतें आकसलीं. ज्याचें एकट्याचेंच शेत उरलें, त्यावर साऱ्या शिवारांतील पांखरें उतरतात, म्हणून तोहि पुढील वर्षीं पेरीत नाहीं. ट्रॅक्टर आल्यानें बैल घटले आणि गोवऱ्याहि कमी झाल्या. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें ‘पीडीकेव्ही कार्तिकी’ ही हुरड्याचीच जात काढली आहे; परंतु बियाणें असून भागत नाहीं, मागणारा हवा.

पूर्वीं हुरडा विकत नसत. त्याचें आमंत्रण असे. आतां शहराजवळ माणशीं दर लावून हुरड्याच्या सहली भरतात. त्यांस नांवें ठेवण्यापेक्षां शहरवासीयांनीं एवढें करावें, कीं मळ्यांत जावें, कणीस तेथेंच भाजून खावें आणि दाम देतांना घासाघीस करूं नये. पांखरांनीं नेलेल्या दाण्यांचा खर्चहि त्या दामांतूनच निघावयाचा आहे. तो निघाला, तर शेतकरी पुढल्या हंगामांत एक कोपरा गुळभेंडी ज्वारीचा राखील.