पाठीवरचा नंबर

नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारात मोबाइल घ्यायचा असो, कूलर घ्यायचा असो की पोराच्या हट्टापायी गेमचा कन्सोल, पैसे मोजण्याआधी गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं : याचं नवं मॉडेल येणार आहे का? कूलरपुरतं उत्तर सोपं आहे. नवं मॉडेल दर उन्हाळ्यात येतं आणि पुष्कळदा त्यात स्टिकर तेवढा नवा असतो. हातात धरून खेळायच्या कन्सोलचं तसं नाही. निन्टेंडोचा ‘स्विच 2’ 5 जून 2025 रोजी बाहेरच्या देशांत विक्रीला आला, पहिल्या चार दिवसांतच त्याचे 35 लाखांवर नग खपले, आणि तेव्हापासून त्याच्या सुधारित अवताराची चर्चा सुरू आहे. असा अवतार येईल, याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. पण लोक ज्याची वाट पाहत बसतात ते मॉडेल आणि गिऱ्हाइकाच्या खरोखर कामी येणारं मॉडेल ही बहुतेक वेळा दोन वेगळी मॉडेलं असतात. कामी येणारं मॉडेल गाजावाजा न करता येतं.

आधी इतिहास पाहू, कारण या धंद्यात तो फार एकसुरी आहे. निन्टेंडोचा 1989 चा गेम बॉय चार पेन्सिल सेलवर चालायचा. 1996 मध्ये त्याचाच बारीक भाऊ, गेम बॉय पॉकेट, दोन लहान सेलवर आला. 2001 च्या गेम बॉय अॅडव्हान्सच्या पडद्याला स्वतःचा उजेडच नव्हता, त्यामुळे खेळणाऱ्याला खिडकी किंवा ट्यूबलाइट शोधावी लागे. 2003 मध्ये घडी घालता येणारा, उजेडाचा पडदा आणि चार्ज होणारी बॅटरी असलेला ‘एसपी’ आला. अॅडव्हान्सच्या घराण्याचे एकूण सुमारे 8 कोटी 15 लाख नग विकले गेले, त्यांतले 4 कोटी 35 लाखांवर एकट्या एसपीचे. पुढे निन्टेंडोच्याच ‘डीएस’ या कन्सोलमध्ये हा प्रकार आणखी ठळक झाला. 2004 चा मूळ डीएस जाडजूड होता आणि त्याचे पावणेदोन-दोन कोटींच्या आसपास नग खपले. 2006 चा डीएस लाइट मात्र 9 कोटी 38 लाखांवर गेला, आणि सगळे डीएस मिळून आकडा 15 कोटी 40 लाख झाला. म्हणजे ज्याला आपण ‘सुधारित’ म्हणतो, तोच बहुसंख्य लोकांच्या हातातला खरा कन्सोल ठरला. पहिला नग विकत घेणारे हौशी होते. कंपनीचं पोट भरलं ते दुसऱ्या मॉडेलाने. सोनीचा पीएसपी 2004 मध्ये आला आणि 2007 मध्ये त्याची हलकी, दुप्पट मेमरीची आवृत्ती निघाली. तिथेही हीच चाल.

या सगळ्या मॉडेलांची जाहिरात झाली. 2019 साली मात्र पहिल्या स्विचमध्ये जो बदल झाला, तो मला सगळ्यात बोलका वाटतो. नाव तेच, किंमत तीच, 6.2 इंची पडदा तोच, बॅटरीही तीच 4310 एमएएचची. तरी निन्टेंडोनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे खेळण्याचा वेळ अडीच ते साडेसहा तासांवरून साडेचार ते नऊ तासांवर गेला. ‘झेल्डा’चा मोठा खेळ जुन्यावर सुमारे तीन तास चालायचा, तो नव्यावर साडेपाच तास चालू लागला. बदलली होती ती आतली चिप. आधी ती 20 नॅनोमीटरच्या प्रक्रियेने बनत होती, आता 16 च्या बनू लागली. चिपवरचे ट्रान्झिस्टर जितके बारीक, तितकी तेवढ्याच कामाला वीज कमी लागते आणि तापही कमी होतो. दुकानातल्या काचेमागे दोन्ही डबे शेजारी ठेवले तर ओळखायची खूण अगदी साधी होती. जुन्या डब्यावर हातात धरलेल्या कन्सोलच्या चित्रामागे पांढरी जागा होती, नव्याचा डबा सगळाच लाल. कन्सोल उलटा केला की खालच्या बाजूच्या बारीक अक्षरांत जुन्याचा मॉडेल नंबर एचएसी-001 असा, आणि नव्याच्या नंबरापुढे कंसात आणखी एक -01. फरक एवढ्या एका कंसाचा होता, पण त्यात खेळायचे दोन-अडीच तास जास्त मिळत होते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये आलेल्या ओएलईडी मॉडेलने लोकांचे डोळे दिपवले. त्यात सात इंची झळाळता पडदा होता, पण चिप 2019 चीच.

कंपन्या असे गुपचूप बदल औदार्यापोटी करत नाहीत. जुन्या प्रक्रियेने चिप बनवणं एका टप्प्यानंतर महाग आणि अडचणीचं होतं, कारण कारखाने पुढे सरकलेले असतात. दुसरं कारण खेळांच्या चोरीचं. 2018 मध्ये पहिल्या स्विचच्या चिपमध्ये अशी एक फट सापडली, की ती सॉफ्टवेअर अपडेटने बुजवता येईना. सिलिकॉनमध्येच कोरलेली चूक कारखान्यात नवी चिप बनवतानाच दुरुस्त होते, आणि तशी ती झाली. स्विच 2 च्या बाबतीत तिसरं कारण कायद्याचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम. युरोपीय संघाचा 2023 चा बॅटरीविषयक नियम सांगतो, की 18 फेब्रुवारी 2027 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी सर्वसाधारणपणे वापरणाऱ्याला स्वतः काढता-बसवता आली पाहिजे. स्विच 2 ची 5220 एमएएचची बॅटरी आत डिंकाने पक्की चिकटवलेली आहे. यंत्रं उघडून दुरुस्तीची सोय तपासणाऱ्या ‘आयफिक्सिट’ने त्याला 10 पैकी 3 गुण दिले. हा नियम आणि ही बॅटरी एकत्र नांदणं कठीण. युरोपसारखी बाजारपेठ कोणी सोडत नाही, म्हणजे कवच तरी बदलावं लागणार. आता एकाच कारखान्यात युरोपसाठी एक आणि बाकी जगासाठी दुसरा कन्सोल बनवायचा, की सगळ्यांना एकच, हा हिशेबाचा प्रश्न उरतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सुधारित मॉडेल म्हणजे आणखी स्वस्त मॉडेल, हे जुनं गणित आता मोडलं आहे. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत पहिल्या स्विचची किंमत 300 डॉलरवरून 340 वर गेली. आठ वर्षं जुन्या यंत्राचा भाव चढणं ही या धंद्यातली उलटी गंगाच म्हणायची. त्याच वर्षाअखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचे भाव भडकवले. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्यातून निघतं एवढंच, की पुढचं मॉडेल स्वस्त असेलच असं नाही. मॉडेल येणारच नाही, असं त्यातून निघत नाही. उलट सुटे भाग महागले की कमी भागांत तेच काम करणारा आराखडा कंपनीला जास्त हवासा होतो. दुसरा आक्षेप फसलेल्या मॉडेलांचा. 2005 चा चिमुकला गेम बॉय मायक्रो 25 लाखांपर्यंतही पोचला नाही. 2009 च्या पीएसपी गोमध्ये डिस्क घालायची सोयच काढून टाकली होती. लोकांनी घेतलेले जुने खेळ त्यात चालेनात आणि दोनच वर्षांत त्याचं दुकान बंद झालं. पण ही दोन्ही मॉडेलं फसली ती हौसेची होती म्हणून. तक्रार दूर करणारं मॉडेल सहसा फसलेलं नाही. वाल्व कंपनीने आपल्या ‘स्टीम डेक’ या हातात धरायच्या कन्सोलबाबत हेच केलं. नोव्हेंबर 2023 च्या आवृत्तीत जोर तेवढाच ठेवला, पण चिप 7 वरून 6 नॅनोमीटरवर नेली, बॅटरी 40 ऐवजी 50 वॅट-तासांची बसवली आणि पडदा सुधारला. खऱ्या अर्थाने पुढची पिढी हवी असेल तर थांबा, हेही कंपनीने मोकळेपणाने सांगितलं.

या साऱ्याचा जरीपटक्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. स्विच तर भारतात अधिकृतपणे विक्रीलाच आलेला नाही. पण म्हणूनच संबंध जास्त आहे. इथे येणारा माल दुबई, सिंगापूर, जपान अशा कुठल्याही वाटेने येतो. एकाच फळीवर जुना आणि सुधारित असे दोन्ही नग सील पॅक बसलेले असू शकतात, आणि विकणाऱ्यालाही त्यांतला फरक ठाऊक असेलच असं नाही. कंपनीची वॉरंटी इथे चालत नाही, म्हणून पहिल्या खेपेच्या चुका आपल्याच पदरात पडतात. शिवाय नागपूरचा उन्हाळा आहे. स्विच 2 पाच ते पस्तीस अंशांच्या हवेत वापरावा, असं निन्टेंडोचं सांगणं आहे, आणि स्टीम डेकसाठी वाल्वनेही पस्तिशीचीच मर्यादा घातली आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास घुटमळतो. तापलेला कन्सोल आधी पंख्याचा आवाज वाढवतो, मग खेळाचा वेग उतरवतो, शेवटी बंद पडतो. बॅटरीही उष्णतेने लवकर म्हातारी होते. टोकियोत कमी तापणारी चिप ही चैन असेल, पण विदर्भात ती गरज आहे. झळाळत्या पडद्यापेक्षा गुपचूप बदललेल्या चिपची आणि काढता येणाऱ्या बॅटरीची वाट इथल्या गिऱ्हाइकाने जास्त पाहावी, असं मी म्हणतो ते याचसाठी.

मग आज घ्यायचा की थांबायचं? ज्याच्या घरात खेळणारं पोर दहावीला आहे, त्याच्या प्रश्नाचं उत्तर कन्सोलमध्ये नाही. बाकीच्यांपैकी ज्याला एखादा खेळ आत्ताच खेळायचा आहे, त्याने बिनधास्त घ्यावा, कारण नवं मॉडेल आलं म्हणून जुन्याचे खेळ बंद पडत नाहीत. ज्याला घाई नाही, त्याने 2027 चा फेब्रुवारी पाहून ठरवावं. घ्याल तेव्हा सील फोडायच्या आधी डब्यावरचा मॉडेल नंबर वाचा. पहिल्या खेपेच्या स्विच 2 चा तो बीईई-001 आहे. त्यापुढे कंस, आकडा, काहीही जास्तीचं दिसलं, तर काय बदललं ते शोधा आणि मगच भाव करा. बिलावर तोच नंबर लिहून घ्या.