सोनाखानचा नारायणसिंह कुणी शोधला?

साठच्या दशकाच्या अखेरीस भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनवरच्या एका तरुण कामगाराला नोकरीवरून काढलं. त्याचं नाव शंकर गुहा नियोगी. तो छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत शिरला, बकऱ्या विकल्या, दानीटोल्याच्या खाणीत दगड फोडले. याच भटकंतीत त्याला वीर नारायणसिंहाची कहाणी गवसली.

सोनाखानचा हा बिंझवार आदिवासी जमीनदार. मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५४ मध्ये तो इंग्रजांनी गिळला. दोनच वर्षांत दुष्काळ पडला. माखन व्यापाऱ्याचं कोठार भरलेलं, गावं उपाशी. नारायणसिंहानं कोठार फोडून धान्य वाटलं आणि तशी खबर आपणहून रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला दिली. सरकारनं त्याला दरोडेखोर ठरवून पकडलं. तो तुरुंगातून निसटला, इंग्रजांशी लढला. डिसेंबर १८५७ मध्ये रायपुरात त्याला फाशी झाली. नंतर बंडाच्या इतिहासात झाशी, कानपूर आलं. सोनाखान राहून गेलं.

आता दल्ली-राजहरा पाहा. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारं हे गाव. १९७७ मध्ये इथल्या ठेकेदारी कामगारांनी नियोगींसह स्वतःची संघटना उभारली. एक मागणी अशी : पावसाळ्याआधी झोपडी शाकारायला, बांबू-बल्ल्यांसाठी शंभर रुपये द्या. २ आणि ३ जूनला पोलिसांनी गोळीबार केला. अकरा जण गेले. धान्य वाटणाऱ्याला दरोडेखोर म्हणणारी लेखणी आणि शंभर रुपये मागणाऱ्यांवर सुटलेली गोळी, दोन्हींची जात एकच. खाणकामगारांना नारायणसिंह आपला वाटला तो म्हणूनच.

१९ डिसेंबर १९७९ रोजी त्यांनी त्याचा शहीद दिन पाळला. लाल-हिरवे झेंडे घेतलेल्या बायाबापड्यांनी, मजूर-शेतकऱ्यांनी विस्मरणात गेलेलं नाव जाहीर सभेत आणलं. सरकारला जाग आली ती नंतर : १९८७ मध्ये टपाल तिकीट निघालं, पुढं रायपूरच्या क्रिकेट स्टेडियमला नाव मिळालं.

नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतल्या घरात, झोपेत गोळी घालून मारलं. तेव्हा ते भिलाईतल्या ठेकेदारी कामगारांसाठीच लढत होते.

छत्तीसगड राज्य २००० मध्ये झालं आणि नारायणसिंह त्याचा पहिला हुतात्मा मानला गेला. हे योग्यच झालं. पण त्याच्या धड्यात दल्ली-राजहराच्या खाणकामगारांचं ऋणही लिहायला हवं. दगड फोडणाऱ्या हातांनी या राज्याला त्याचा पूर्वज मिळवून दिला, हासुद्धा राज्याचा इतिहासच आहे.