दिसतं एक बटण, दाबलं जातं दुसरंच

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांच्या वेबसाइटचे पत्ते ‘डॉट बँक डॉट इन’ व्हायचे होते. बनावट साइट ओळखायला हा बदल मोलाचा आहे. पण क्लिकजॅकिंग, म्हणजे आपला क्लिक पळवण्याच्या प्रकारात, फसवणूक खऱ्या साइटच्या आडून होते, आणि ती साइट आपल्याला दिसतच नाही.

समजा, इंदापूरच्या शेतकऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसानचा थांबलेला हप्ता पाहा’ अशी लिंक आली. पान उघडलं, मधोमध हिरवं बटण. त्याच्यावर पूर्ण पारदर्शक करून दुसरी साइट अंथरलेली, जिथं त्याचं लॉगिन आधीपासून चालू आहे. बोट हिरव्या बटणावर पडतं, आज्ञा मात्र त्या अदृश्य साइटला जाते: ‘परवानगी द्या’, ‘खातं जोडा’. ओटीपीची अट असेल तर व्यवहार तिथं अडतो. नसेल तिथं एका स्पर्शात काम होऊन जातं.

२००८ मध्ये वेब-सुरक्षा संशोधक रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन हे तंत्र न्यूयॉर्कच्या परिषदेत मांडणार होते. अ‍ॅडोबीच्या विनंतीवरून त्यांनी ते भाषण मागे घेतलं. कारण त्या कंपनीच्या फ्लॅश प्लेअरच्या सेटिंगवर असाच पडदा टाकून लोकांचा कॅमेरा आणि माइक त्यांच्या नकळत चालू करता येत होता. उपाय लगेच पुढच्या वर्षी आला. ‘माझं पान दुसऱ्याच्या पानात उघडू नका’ असं साइटनं ब्राउझरला बजावायचं, तेही सर्व्हरच्या सेटिंगमधल्या एका ओळीत. ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ ती जुनी ओळ, ‘फ्रेम-अ‍ॅन्सेस्टर्स’ ही नवी.

म्हणूनच ‘लोकांनी जपून क्लिक करावं’ एवढं सांगून हात झटकणं मला अन्यायाचं वाटतं. जे डोळ्यांना दिसत नाही, त्यापासून कोण कसं जपणार? पहिली जबाबदारी साइट चालवणाऱ्याची.

आपल्या हातात आहे ते आपण करावं. काम झालं की लॉगआउट. आलेल्या लिंकवरून न जाता पत्ता स्वतः टाइप करणं. ब्राउझर अद्ययावत ठेवणं. मोबाइलवर हाच खेळ एपीके फाइलमधून होतो. म्हणून अनोळखी अ‍ॅपला ‘इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची’ किंवा ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी कधीही देऊ नये. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.

बारामती-इंदापूर हा सहकाराचा मुलूख. इथं कारखान्याचा, बँकेचा, पतसंस्थेचा सभासद हाच मालक. वार्षिक सभेत आपण उसाच्या दराचा, लाभांशाचा जाब विचारतो. यंदा त्यात आणखी एक प्रश्न लेखी द्यावा: आपल्या संस्थेच्या साइटवर ती एक ओळ आहे का, आणि नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत येईल?