सहाचे नऊ

जिल्हा रुग्णालयात तपासणीसाठी नेताना आईने मुलाला स्नान घालून इस्त्रीचा सदरा चढवला. डॉक्टरांनी विचारले तेवढे त्याने नीट सांगितले. निकाल आला : २० पैकी ६ गुण, म्हणजे ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तिथेच अडला.

मानसिक आजाराचे मोजमाप ‘आयडियाज्’ या मापनपट्टीने होते. स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम यांना प्रत्येकी शून्य ते ४ गुण. आजाराच्या कालावधीला १ ते ४. चाळीस टक्क्यांसाठी ७ गुण लागतात. येथे कालावधीचा एकच गुण मिळाला होता, कारण घरच्यांनी गेल्या वर्षीचेच कागद नेले. आजार मात्र बारा वर्षांचा. जुने केसपेपर लोकलज्जेने पेटीच्या तळाशी, पोथ्यांखाली दडलेले. (पूर्वकर्म म्हणून हात झटकणारे आपल्यातही आहेत; औषध नाकारा असे कर्मसिद्धान्त कोठेच सांगत नाही.)

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ नुसार प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. थोरल्या भावाने कागद तारखेनुसार लावले. धाकट्याला कोण उठवते, गोळी कोण देते, हे एका पानावर लिहिले. सहीला मात्र तो तयार नव्हता. ‘‘मी वेडा आहे असं लिहून द्यायचं का?’’ एवढेच विचारी. आईने सक्ती केली नाही. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच लेखणी मागितली.

फेरतपासणीत कालावधीचे ४ गुण धरले गेले. एकूण ९. तहसील कार्यालयात अर्ज पुन्हा दाखल झाला आहे.