होम थिएटर रिसीव्हर : आवाज, आयुष्य आणि आपलं घर

दिवाळी जवळ आली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतोच. ‘टीव्ही मोठा घेतलाय, आता आवाजाचं बघायचंय. साऊंडबार घेऊ की तो मोठा डबा?’ मोठा डबा म्हणजे एव्ही रिसीव्हर. हुबळीत कमरीपेठेतल्या आमच्या घरी असा एक डबा २०१६ च्या दिवाळीपासून आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे ‘याला त्यातलं सगळं कळतं’ असं नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलंय. शिवाय पुण्याचा मामेभाऊ, बेळगावची आत्या आणि न्यू जर्सीतला कॉलेजमित्र यांच्याकडेही रिसीव्हर आहेत. चार घरांचा अनुभव एकत्र केला तर त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : रिसीव्हरमधला ॲम्प्लिफायर सावकाश म्हातारा होतो, त्याच्यातला कॉम्प्युटर मात्र आधी जातो. एवढं लक्षात ठेवलं तर काय घ्यायचं, पैसे कुठं घालायचे आणि बिघडल्यावर काय करायचं, हे तिन्ही प्रश्न सोपे होतात.

डब्यात असतं काय?

जुन्या काळच्या ॲम्प्लिफायरचं एकच काम होतं : बारीक सिग्नल मोठा करून स्पीकरला देणं. आजचा रिसीव्हर त्याआधी बरंच काही करतो. सेट-टॉप बॉक्स, गेमिंग कन्सोल, ब्लू-रे अशा सगळ्यांच्या एचडीएमआय वायरी घेतो, चित्र टीव्हीकडे पाठवतो, डॉल्बी किंवा डीटीएस आवाज उलगडून पाच-सात स्पीकरांत वाटतो, मायक्रोफोननं खोलीचं मोजमाप घेतो आणि वायफायवरून गाणीही वाजवतो. म्हणजे एकाच पत्र्याच्या पेटीत एक दणकट ॲम्प्लिफायर आणि एक नाजूक कॉम्प्युटर शेजारी शेजारी राहतात. एकाचं तंत्र कित्येक दशकांत फारसं बदललेलं नाही, दुसऱ्याचं दर चार-पाच वर्षांनी बदलतं. टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या वायरीतूनच परत रिसीव्हरकडे आणणारी एआरसी सोय २००९ मध्ये आली, आणि तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी २०१७ मध्ये.

वॉटचा हिशोब

दुकानात आधी वॉट सांगतात. खोक्यावर १४० वॉट लिहिलेलं असतं, पण खाली बारीक अक्षरांत ‘एकच चॅनल चालू असताना, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ’ असं असतं. तोच रिसीव्हर दोन चॅनल चालू ठेवून, ८ ओहमवर, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात मोजला तर ८० वॉटच्या आसपास येतो. पाचही चॅनल एकदम चालले तर आणखी कमी. यात खोटं काही नाही, मोजायची पट्टी वेगळी आहे. दोन मॉडेलची तुलना करताना दोन्हीकडे एकच पट्टी लावलीय ना, तेवढं बघायचं.

त्यातही वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आपल्या बारा बाय पंधराच्या खोलीत बहुतेक वेळ स्पीकर एक-दोन वॉटवरच चालत असतात. त्यामुळे ८० की ९५ वॉट या वादात पैसे घालण्यापेक्षा स्पीकर चांगला घेतलेला बरा.

आमच्या खोलीतला आवाज

खरा फरक खोलीमुळे पडतो. आमच्या घरात शहाबादी फरशी, गिलाव्याच्या कोऱ्या भिंती आणि उंच छत. पहिल्या दिवशी सिनेमा लावला तेव्हा टाळी वाजवली तरी घुमत होती. संवाद विहिरीतून आल्यासारखे. त्यावरचा उपाय आमच्याच जिल्ह्यात विणला जातो. टीव्ही आणि सोफ्याच्या मध्ये नवलगुंदचा जमखाना अंथरला, खिडक्यांना जाड पडदे लावले, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट सरकवलं. एवढ्यानं जो फरक पडला तो कुठल्याही सेटिंगनं पडला नसता.

मग रिसीव्हरबरोबर आलेला छोटा मायक्रोफोन बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून मोजमाप करायचं. हे काम पहाटे साडेपाचला, पंखा बंद करून करावं. पंख्याची घरघर, मिक्सर, बाहेरची रिक्षा हे सगळं मायक्रोफोनला ऐकू येतं आणि त्याचा हिशोब चुकतो. मोजमाप झाल्यावर स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ हे दोन आकडे एकदा डोळ्याखालून घालायचे. त्याखालचा घुमारा सबवूफरनं सांभाळायचा असतो.

सबवूफरचा प्रश्न आमच्या पेठेत जास्त. घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय रे, घरात गिरणी घातलाय काय?’ खालचा स्वर भिंत अडवू शकत नाही. सबवूफर सामाईक भिंतीपासून दूर केला, खाली जाड रबराचे तुकडे ठेवले आणि रात्री दहानंतर नाईट मोड लावायचा नियम केला. नाईट मोडमध्ये मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. काकूंची तक्रार परत आली नाही.

संगीताचं तंत्र वेगळं. हुबळी-धारवाड म्हणजे गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांचं गाव. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ तर अगदी हाकेच्या अंतरावर. आमच्या अप्पांच्या संग्रहात यांची आणि भीमसेन जोशींची ध्वनिमुद्रणं भरपूर, त्यातली बरीचशी जुनी, मोनो. रिसीव्हर आपल्या हुशारीनं ती पाचही स्पीकरांत पसरतो आणि तानपुरा पाठीमागून ऐकू येतो! अशा वेळी रिमोटवरचं ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’ बटण दाबायचं. आवाज समोरच्या दोन स्पीकरांच्या मधोमध येऊन बसतो, गायक समोर बसावा तसा. ‘रिसीव्हरवर गाणं चांगलं वाजत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न या एका बटणानं सुटेल असं माझं मत आहे.

अप्पा आणि संवाद

अप्पा आता ७४ वर्षांचे आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी ते संध्याकाळी आमच्याबरोबर सिनेमाला बसेनासे झाले. ‘तुम्ही बघा, मला झोप येते’ म्हणायचे. झोप येत नव्हती, संवाद कळत नव्हते. वय वाढतं तशी वरच्या पट्टीतली श्रवणशक्ती आधी कमी होते, आणि स, श, त, क, फ ही व्यंजनं तिथंच असतात. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला की पार्श्वसंगीतही तेवढंच वाढतं.

इथं रिसीव्हर उपयोगी पडला. ५.१ आवाजात बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. त्या एकाच स्पीकरची पातळी ३-४ डेसिबलनं वाढवली, तर संगीत आहे तिथंच राहतं आणि शब्द पुढं येतात. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरमध्ये असं वेगळं करायची सोय सहसा नसते. डॉक्टरांकडून कानांची तपासणीही करून घेतली, ती कुठल्याही डब्यानं टळत नाही. पण अप्पा पुन्हा सोफ्यावर येऊन बसू लागले ते सेंटर स्पीकरमुळे.

वळीव आला आणि एचडीएमआय गेलं

२०२३ च्या मे महिन्यात आमच्याकडे विजांसह जोरदार वळीव झाला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चित्र नाही. सेट-टॉप बॉक्स मेलेला. रिसीव्हर चालू होत होता, त्यावरचा एफएम रेडिओही छान वाजत होता, पण एचडीएमआयचं एकही तोंड काम करेना. विजेच्या मुख्य लाइनवर स्टॅबिलायझर होता, त्याला काही झालं नाही. झटका आला होता गच्चीवरच्या डिशच्या वायरीतून : डिश, सेट-टॉप बॉक्स, एचडीएमआय आणि तिथून रिसीव्हरचा डिजिटल बोर्ड.

कंपनीच्या सेवा केंद्रानं सांगितलं, बोर्ड बाहेरून मागवावा लागेल, मिळाला तर सुमारे २२ हजार, आणि दीड महिना. डबाच ३८ हजारांचा होता. घरात सगळे म्हणाले, नवीन घे. मी आधी आमच्या ओळखीच्या मेकॅनिककाकांकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं, धूळ झटकली, मीटर लावला आणि म्हणाले, ‘याचं पोट एकदम चांगलं आहे. डोकं तेवढं गेलंय.’

मग आम्ही डोक्याचं काम टीव्हीकडे दिलं. सगळी यंत्रं थेट टीव्हीला जोडली आणि टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत एक ऑप्टिकल वायर टाकली. खर्च काही शे रुपये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर असेल तर दोनच स्पीकर वाजतात, तो ‘डॉल्बी डिजिटल’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर करायचा. काही टीव्ही बाहेरच्या यंत्रांचा आवाज पुढं दोनच चॅनलमध्ये पाठवतात, तेही तपासायचं. यात गेलं काय? डॉल्बी ॲटमॉस गेलं, कारण ऑप्टिकलमध्ये ते मावत नाही. टीव्हीच्या रिमोटनं आवाज कमी-जास्त करायची सोय गेली. रिसीव्हरचा मेनू पडद्यावर दिसायचा, तोही गेला. सेटिंगचे फोटो फोनमध्ये होते, त्यामुळे पुढच्या छोट्या पट्टीवर बघत सगळं पुन्हा लावता आलं. राहिलं काय? पाचही स्पीकर, सबवूफर आणि अप्पांचे संवाद.

हे फक्त आमच्याच घरी नाही

डिजिटल बाजू आधी जाते, हे मोठ्या कंपन्यांच्या इतिहासातही दिसतं. जपानच्या ओंक्यो कंपनीच्या २००९ ते २०१२ मध्ये बनलेल्या काही रिसीव्हरांत एका सदोष भागामुळे आवाजच बंद पडायचा. कंपनीनं २०१८ अखेरपर्यंत त्यांची दुरुस्ती मोफत केली. १९४६ साली सुरू झालेल्या या कंपनीच्या घरगुती ऑडिओ विभागानं मे २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, ब्रँड दुसऱ्यांच्या हाती गेला. २०२० मध्ये नव्या एचडीएमआय २.१ चे डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाचे काही रिसीव्हर एक्सबॉक्स सिरीज एक्सचं फोर-के, १२० हर्ट्झचं चित्र पुढं पाठवू शकत नव्हते. एकीकडून जोडायला वेगळी छोटी पेटी मिळाली, दुसरीकडे बोर्ड बदलून मिळाले. डेनॉन आणि मरांट्झची मालकी २०१७, २०२२ आणि २०२५ अशी तीनदा बदलली. या सगळ्यात ॲम्प्लिफायर कुठंच कमी पडला नव्हता.

चार घरांतही तेच. न्यू जर्सीच्या मित्रानं गेमिंगसाठी तीन वर्षांत रिसीव्हर बदलला, जुना ठणठणीत होता. आत्याचा फोर-के येण्याआधीचा डबा ऑप्टिकलवर आजही भजनं आणि मालिका वाजवतोय. मामेभावाचा मात्र दर अर्ध्या तासानं आपोआप बंद पडायचा. लाकडी शोकेसमध्ये, मागून बंद खणात ठेवला होता. बाहेर काढल्यावर बरा झाला.

उष्णता हा मोठा शत्रू. रिसीव्हरमधले कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं आयुष्य गमावतात. १०५ अंशांवर २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ७५ अंशांवर ढोबळमानानं १६,००० तास टिकेल, ८५ अंशांवर ८,०००. रोज चार तास लावला तर हा फरक अकरा वर्षं आणि साडेपाच वर्षं यांतला आहे. म्हणून वर चार-सहा इंच मोकळी जागा, पाठ उघडी, वर सेट-टॉप बॉक्स किंवा फुलदाणी नाही, आणि महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशनं जाळीवरची धूळ. वळवाच्या दिवसांत वीज कडकडायला लागली की प्लगबरोबर डिशची आणि इंटरनेटची वायरही काढायची.

मग घ्यायचा का?

भाड्याचं घर, छोटी खोली आणि फक्त मालिका-बातम्या असतील तर साऊंडबार पुरे. पण तो गेला की बहुधा अख्खा जातो. घर आपलं असेल आणि गाणं, सिनेमा दोन्ही ऐकणारी माणसं असतील तर रिसीव्हर घ्या. शंभरातले साठ-पासष्ट रुपये स्पीकरवर घाला, ते वीस वर्षं सोबत राहतात. डबा मधल्या श्रेणीचा घ्या, आणि आपल्या गावाच्या जवळ दुरुस्ती कोण करतं हे पैसे देण्याआधी विचारा. बिघडला तर भंगारात देण्याआधी ऑप्टिकल वायर एकदा लावून बघा.

आमच्याकडे नवा डबा आला नाही. बोर्डासाठी बाजूला काढलेल्या २२ हजारांतून एक मोठा, चांगला सेंटर स्पीकर आणला. ॲटमॉसचा पाऊस छतावरून पडत नाही, पण सिनेमातला विनोद आता अप्पांना आमच्याबरोबरच कळतो.